टोपलीतले कंद

सूनबाई,

आल्या आल्या हे वाच, चपला नंतर काढ. ह्यांना मोठ्या दवाखान्यात नेतेय. गाडी येईपर्यंत लिहितेय. तुला चार फोन केले. कालच्या भांडणानंतर मीही उचलला नसता.

गॅलरीतल्या त्या लाल-पिवळ्या फुलांच्या वेलाचे, अग्निशिखेचे, कंद तू टोपलीत काढून ठेवले होतेस. ते मी रताळी समजून उकडले. ह्यांनी दोन खाल्ले. तोंडात आग होतेय म्हणाले, आणि दुपारपासून उलट्या थांबत नाहीत. डॉक्टरांना फोनवर वर्णन सांगितलं तर ते ओरडलेच. हे विष उकडून जात नाही म्हणे. एक कच्चा कंद दाखवायला घेतलाय. ओट्यावरच्या पातेल्याला हात लावू नकोस, मांजरीलाही जवळ फिरकू देऊ नकोस. मी एकच घास चाखला. जीभ जरा बधिर झालीय, त्याचा बाऊ नको.

आता खरं सांगते. टोपलीवर तू ‘हात लावू नये’ असं लिहून चिकटवलं होतंस. मी ते वाचलं होतं. माझ्याच स्वयंपाकघरात मलाच हुकूम, म्हणून रागाने फाडलं. आणि मघाशी तुझ्या नवऱ्याने फोनवर विचारलं, तेव्हा टोपलीवर काहीच लिहिलेलं नव्हतं असं मी म्हणाले. तो तुझ्यावर खवळलाय आणि थेट दवाखान्यात येतोय.

केरातून तुकडे वेचून ह्या कागदाखाली जोडून ठेवलेत. ते घेऊन ये आणि माझ्यादेखत त्याच्या हातात दे. माझ्याने तोंडाने सांगवणार नाही.

आई