डावा पाय लागत नाई

॥ श्री ॥
मालेगाव जहांगीर,
ता. ४ ऑक्टोबर १९५७

दोस्त फुलचंद यास मारोतचा रामराम.

तू, रुपावहिनी, लेकरं सारे धडधाकट असाल असं मी धरून चालतो, काहून का तुह्या पत्रात मोटारीबिगर दुसरं काही लिहिलेलं नसते. मी इकडं मजेत आहे. वेळेवर जेवतो. माणसांची वर्दळ असते. पत्र लिहायले फुरसत म्हून भेटत नाई.

तुहा पेटारा पोचला. खेमा लोहाराच्या बंडीतून जऊळक्याच्या स्टेशनावरून आणला. मास्तर मले म्हणतात, "काय हो मारोतराव, नागपुरावून तोफ मागवली का?" घरी आणून उघडला तं गवतात गुंडाळलेला गेअरबॉक्स, त्याच्यासंगं क्लचच्या जागी बसवायचं ते तेल भरायचं जाडजूड चाक, अन् वर तुही चिठ्ठी: "याले डावा पाय लागत नाई." बस, एवढंच. ना रामराम, ना खुशाली. हलकटा, एवढा बोजा धाडला अन् वर चार अक्षरं लिहायले तुही शाई आटली होती का?

पण खरं सांगतो, ते वाचलं अन् मी ओसरीवर मटकन बसलो. खेमा समोर होता, त्याले म्हटलं डोळ्यात कचरा गेला. अंगणभर गवत पसरलेलं होतं, त्याले पटलं.

अकोल्याच्या दवाखान्यात माहा डावा पाय गुडघ्याखाली काढला तवा तूच उशाशी बसून होता. आपण दोघं वाशिमचे पासिंजर वाहत होतो ती सर्व्हिस मोटार विकून टाकली ते बी तुले ठाऊक आहे. राह्यली ही जुनी बेबी गाडी. लोक म्हणतात, लंगड्या माणसानं मोटार ठेवून काय करायचं, विकून टाक. विकत नाई मी. ज्या मारोतनं मेडशीचा घाट डोळे मिटून उतरवला, तो आता उभ्या गाडीत बसून चहा पिते. कसं वाटत असंल मले, तूच सांग. एकदा तरी ही गाडी माह्या हातानं रस्त्यावर काढीन, मंग बाकीचं काय व्हायचं ते होवो.

तं आता कामाचं. जुना गेअरबॉक्स अन् क्लच काढला. तुहा डबा मोठ्या गाडीचा, बेबीच्या पोटात मावंच ना. खेम्यानं खालची आडवी पट्टी कापून दुसरी ठोकली. मागचा शाफ्ट लांब पडला, तो जिनिंग फॅक्टरीच्या मिस्त्रीकडून कापून जोडून आणला. गेअरची दांडी तू मागं पत्रात सांगतली तशी स्टिअरिंगखाली बसवली. मोठी नवलाची चीज आहे बे ही. पुढचा गेअर दांडीनं आधीच सांगून ठेवायचा, तवा गाडी काहीच करत नाई, गुमान ऐकून घेते. मंग रेसवरचा पाय उचलायचा, त्याच पायानं पेडल दाबायचं, तवा तो गेअर पडते. पाय पुन्हा रेसवर. एका वक्ती दोन पाय लागतच नाईत. ज्यानं कोणी हे काढलं त्याचा कोणीतरी दोस्त लंगडा असंल.

पण चालत नाई ना! पयला लावला, पेडल दाबून सोडलं, रेस दिली, तं इंजिन बोंबलते अन् गाडी जागेवर. दुसऱ्यात जराशी सरकते. तिसऱ्यात नुसती बोंब. झाकण उघडून आतले पट्टे पान्यानं कसले, तरी तेच. पुन्हा उघडले, पुन्हा कसले. डब्यात तेल मी जाड ओतलं आहे. काय चुकते ते खुलासेवार लिही.

तुह्या वहिनीचं, माह्या मनकर्णाचं वर्षश्राद्ध झालं. माणसं आली होती. तुले येणं जमलं नाई याचं वाईट वाटून घेऊ नको. आता बी येण्याची तसदी घेऊ नको, नागपूरच्या वर्कशॉपातून सुट्टी कुठं भेटते! फक्त गाडीचं लिही.

तुहा,
मारोत


मालेगाव,
ता. २७ ऑक्टोबर १९५७

फुल्या, रामराम.

तुहं पत्र भेटलं. दोन्ही बाजूनं लिहिलेलं, वा! वाटलं आता तरी घरचं काही असंल. पाह्यलं तं पयल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेअरबॉक्स. रुपावहिनी खंगली का भरली, लेकरं शाळेत जातात का उंडारतात, काही नाई. तरी चार डाव वाचलं.

तेलाचं तुहं बरोबर निघालं. जाड काढून पातळ ओतलं तं गाडी पयल्यात हालली. ओसरीपासून कडुनिंबापर्यंत गेली, अन् मी वेड्यावाणी एकटाच "हो, हो, हो" करत होतो. कोंबड्या पळाल्या.

तू लिहिलं का झाकण अजिबात उघडू नको. आतली कडी दरवेळच्या दाबण्यानं पट्टा जरासा आवळत जाते, तं इंजिन चालू ठेव, एकेक गेअर लाव अन् पेडल पार फरशीले टेकवून सोड, पुन्हा टेकव, पुन्हा सोड, डबा आपला आपण दुरुस्त होते. अन् खाली रेघ मारून लिहिलं: "अर्धवट दाबशील तं लाथ मारंल."

मारली लाथ.

दुसऱ्या गेअरवर होतो. पेडल खाली नेलं, पुरतं टेकवलं नाई, अन् त्यानं असं उसळून फेकलं का गुडघा छातीले लागला. नडगी स्टिअरिंगच्या खांबावर आपटली. उजवी, फुल्या. राह्यलेली. उतरता येईना, कुबडी बाहेर पडलेली. हाका मारल्या. रस्त्यानं मोटारी जात होत्या, बंड्या जात होत्या, कोणाले ऐकू गेलं नाई. उन्हं उतरल्यावर खेमा त्याची सांडशी मागायले आला, तवा त्यानं काढलं. त्या दिवशी बाजार होता ना, म्हून सारे तिकडं होते. नाई तं कोणी ना कोणी असतेच.

आता सूज उतरली आहे. खेम्याची बायको हिरीबाई भाकर धाडते. काळजीचं काही नाई.

पण तुह्यापासून काय लपवू. मले भेव बसलं. पेडलावर पाय ठेवला का मनात येते, हा बी गेला तं? एक पाय गेला तं माणूस लंगडा होते, दुसरा गेला तं गाठोडं होते. गाठोडं कोण उचलंल? म्हून माहा पाय आपोआप अर्ध्यावरच थांबते, अन् अर्ध्यावर थांबला का तेच पेडल लाथ मारते. आता बोल! आयुष्यभर गाडीले भ्यालो नाई अन् या वितभर पेडलाले भिऊन राह्यलो.

अन् झाकण म्या पुन्हा उघडलं. रागावू नको. तू नाई म्हटलं होतं, तरी उघडलं, पट्टे ढिले केले, पुसले, पुन्हा कसले. जेवढं दाबून आवळलं होतं तेवढं सारं माह्याच हातानं वाया गेलं. काहून उघडलं म्हणशील तं हाताले काम पाह्यजे बाबा. झाकण उघडलं का दिवस जाते.

आता पुढं काय करू ते लिही. मोठं पत्र लिही.

तुहा,
मारोत

वाटल्यास पत्रात थोडं घरचं बी लिहीत जा. कागद बाकी राह्यला तं.


मालेगाव,
ता. १८ नोव्हेंबर १९५७

प्रिय फुलचंद यास मारोतचा मनापासून रामराम.

तुहं मागचं पत्र इतकं लहान होतं का पोस्टमननं बी हातात तोलून पाह्यलं. "झाकणाले हात लावलास तं माही आण. भेव वाटते तं वाटू दे. पुरतं दाब." एवढंच. कुठून शिकला असा आडदांडपणा?

दाबलं, बाबा. तुहं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी हिरीबाईले ओसरीवर बसवलं, म्हटलं, मी पडलो तं बोंब मार. ती तूर निवडत बसली. मी गाडीत बसलो, पयला गेअर सांगतला, डोळे मिटले, मनकर्णाचं नाव घेतलं अन् पेडल पार तळाले नेलं. लाथ आली नाई. ते गुमान खाली गेलं अन् गुमान वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा. मांडी भरून आली, घाम गळ्यात उतरला, पण जसजसं दाबत गेलो तसतसा आतून पट्टा घट्ट होत जाते ते माह्या तळपायाले समजत होतं. मंग दुसरा, मंग तिसरा, मंग वरचा. हिरीबाईची तूर निवडून झाली तरी मी दाबतच होतो. ती म्हणे, "भाऊ, काय यंत्राची मालिश चालली का?"

अन् फुल्या, गाडी चालली! वाशिम रस्त्यावर काढली. पयला, दुसरा, तिसरा, वरचा, लोण्यातून सुरी जावी तशी. बाजारपेठेतून नेली. ज्या लोकायनं विक विक म्हणून माहे कान किटवले, ते दुकानातून उठून पाहत होते. मी कोणाकडं पाह्यलं नाई. खरं म्हणजे पाह्यलं, सगळ्याइकडं पाह्यलं.

आता जे लिहाचं ते लिहितो.

हे आज झालं नाई. गाडी बरी होऊन बरेच दिवस झाले. तुले कळवलं नाई. मागच्या पत्रात म्या म्हटलं का हाताले काम पाह्यजे म्हून झाकण उघडतो. ते अर्धंच खरं. गाडीत बिघाड असला का तू लिहितोस. गाडी बरी झाली तं तू कायले लिहिशील? म्हून उघडत होतो. तू आवळायले सांगे अन् मी ढिलं करून ठेवे, पुढच्या पत्रासाठी. हसू नको. हसला तरी चालंल.

अन् वर्दळ असते असं जे लिहिलं, ती वर्दळ रस्त्यावर असते. माह्या ओसरीवर खेमा अन् हिरीबाई सोडून कोणी येत नाई. मनकर्णाच्या वर्षश्राद्धाले बी तेच दोघं होते. स्वयंपाक मी एकट्यापुरता करतो अन् तो बी उरते. कधीमधी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाई, मंग गाडीत बसून जोरानं म्हणतो, "चला, वाशिम, वाशिम, जागा आहे!" आपण ओरडत होतो तसं. कोणी येत नाई बसायले. दवाखान्यातून आल्यावर तू जायले निघाला तवा म्या म्हटलं होतं, जा, माहं काय अडलं आहे. तुहे लेकरं होते, तुले जाणं भाग होतं, तुहा काही दोष नाई. पण माहं अडलं होतं, फुला. तवा बी अडलं होतं अन् आज बी अडलं आहे.

काल गाडी घेऊन जऊळक्याच्या स्टेशनावर गेलो. काम काही नव्हतं. तुहा पेटारा जिथून आणला तिथवर स्वतः जावं असं वाटलं. मास्तर म्हणतात, "कोणाले घ्यायले आले?" माह्या तोंडून निघून गेलं, "फुलचंदले." अकोल्याकडून गाडी आली. माणसं उतरली, बोचकी घेऊन, कोंबड्या घेऊन. मले चांगलं ठाऊक होतं का तुले म्या बोलावलंच नाई, तं तू येणार कुठून. तरी एकेकाचं तोंड पाह्यलं. गाडी सुटून गेली तरी उभा होतो. मास्तर बिचारे म्हणतात, "उद्याच्यानं येतील." मले रडू आलं. आता गवत बी नव्हतं सबब सांगायले.

तवा समजलं. प्रत्येक पत्रात म्या दांडी फिरवून ठेवली अन् पेडल अर्ध्यावर सोडलं. येण्याची तसदी घेऊ नको, वाटल्यास लिही, सुट्टी कुठं भेटते. असं कोण येते?

तं आज पुरतं दाबतो. फुला, ये. भेटायले नाई म्हणत, राहायले ये. वहिनीले आण, लेकरं आण. माह्या ओसरीपुढं जागा पडली आहे, रस्त्यानं मोटारी वाढल्या आहेत, आपण दोघं मिळून वर्कशॉप टाकू. तू खाली निज, मी वरून पाने देतो. नाई जमत तं नाई म्हून स्पष्ट लिही, पण अर्धवट लिहू नको. आता लाथ बसायची असली तं बसू दे, म्या पाय तळाले नेला आहे.

डाव्या बाजूची सीट झाडून, जऊळक्याच्या वाटेकडं डोळे लावून बसलेला,
तुहा मारोत

ता. क. गाडीत आता काहीच बिघाड नाई. तरी उत्तर दे.