खाटेवरून खाली

एरंडोल, २२ नोव्हेंबर २०२४

ती. हेमलताअक्का यांस,
रतिलालचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. काकूच्या गंधमुक्तीला, उत्तरकार्याच्या पंगतीत, मी भरल्या ताटावरून उठलो, याचा तुला राग आहे. माझा राग त्याहून मोठा आहे, तो वाच.

म्हाताऱ्या विधवेला कुणी तोंड दाबून मारतं, कानातलं आणि गळ्यातली सोन्याची माळ काढून नेतं, आणि गाव पंगतीत बसून खुनी कसा असेल याच्या गप्पा मारतं! सुकदेव गुरुजी म्हणे, विशीतला असेल, मोबाइलवर जुगार खेळणारा. शेजारचा गिरधर म्हणे, आपला गावना माणूस असा नई शे, डोंगरवाला बठ्ठा सारखाच. पोलिसांनी तेच धरलं आणि डोंगरातून कापूस वेचायला आलेल्या करमसिंगला उचललं. का, तर तो काकूच्या खळ्यात राहत होता. त्याची बायको नानीबाई पोलीस ठाण्यासमोर लिंबाखाली बसून आहे. तूसुद्धा बुंदी वाढताना म्हणालीस, की असल्या लोकांना काकूनं ठेवायलाच नको होतं. तेव्हा मी उठलो.

मी नववीत शाळा सोडली हे खरं. पण तपासावरची मराठीत मिळतील ती पुस्तकं मी टिपणं काढून वाचली आहेत, गुरुजींनी नाहीत. मी काकूची खोली नीट पाहिली. पोलीस म्हणतात, झटापटीत ती खाटेवरून पडली. पडली असती तर गोधडी तिच्याबरोबर ओढली गेली असती. गोधडीची घडी खाटेवर होती. पातळ घोट्यापर्यंत सारखं केलेलं, पाय दक्षिणेला. आपल्याकडे माणूस जायला लागला की खाटेवरून खाली घेतात, जीव अधांतरी जाऊ नये म्हणून. खुन्यानं काकूला खाली घेतलं, अक्का. तो चोर असेल, पण काकूच्या गतीची काळजी असलेला चोर. आपल्यातला, घरात वावरलेला, तिच्या हातचं जेवलेला.

मला तो गिरधर वाटतो. बांधावरून त्याचं काकूशी वाकडं होतं. फौजदारांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तुम्ही दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारी भरा, तपास आम्ही करतो. मी गप्प बसणार नाही.

राग उतरला की दोन ओळी पाठव. नाही उतरला तरी पाठव.

तुझा
रतिलाल


धुळे, २६ नोव्हेंबर २०२४

चि. रतिलाल यास अ. उ. आ.

राग उतरलेला नाही. नववीत शाळा सोडलेला आमचा फौजदार! ज्या गिरधरनं काकूला खांदा दिला, त्याच्यावर आळ घेतोस? तुझ्या छातीत काळीज नाही, मोजायची टेप आहे. काकू गेली आणि तू गोधडीच्या घड्या बघत बसलास.

आपल्या ईश्वरकडे बघ. आपल्या भावंडांत सगळ्यांत धाकटा, पण त्याला कळतं. आई गेल्यावर काकूनंच त्याला वाढवला. त्या दिवशी तो अमळनेरहून पहिल्या एस.टी.नं माझ्याकडे आला होता. आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात गिरधरचा फोन आला. बिचारा इतकंच बोलला, काकू गेली, निघा. मी भिंतीला टेकले. ईश्वरनं मला सावरलं. म्हणाला, अक्का, रडू नको, तिचा जीव खाटेवर नाही गेला, जमिनीवर गेला, तिला गती मिळेल. याला म्हणतात माया. आणि गंधमुक्तीला काकूचा मुलगा म्हणून त्याच्या डोक्यावर पगडी बांधली जात असताना तू तिकडे आरडाओरडा करत होतास. त्याची माफी माग.

पोटाची गोळी वेळेवर घे, रागानं तुझी आग वाढते. आशीर्वाद आहेतच, तुझी लायकी नसली तरी.

तुझी अक्का


एरंडोल, ३० नोव्हेंबर २०२४

ती. अक्का यांस सा. न.

तुझं पत्र वाचून दुकान बंद केलं आणि गिरधरकडे गेलो. फोनवर काय काय बोललास, ते विचारलं. काकू गेली, निघा, यापलीकडे एक शब्द नाही, असं तो पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. तू घाबरशील म्हणून खून झाला हेही बोलला नव्हता. मग हातात चहाचा कप धरून, धुळ्यात बसून, काकू जमिनीवर आहे हे ईश्वरला कसं कळलं? ज्याच्याकडे मुक्कामाला होतो असं ईश्वर सांगतो, त्या अमळनेरच्या प्रेमराजला विचारलं. ईश्वर खुनाच्या रात्री त्याच्याकडे गेलाच नव्हता.

मी गिरधरचे पाय धरले. आपल्यातला, तिच्या हातचं जेवलेला, असं मीच लिहिलं, मोठ्या ऐटीत लिहिलं, आणि बोट दाखवलं शेजारच्या दाराकडे. आपल्या दाराकडे माझी मान वळली नाही. इतकी पुस्तकं वाचून हे!

करमसिंगला पट्ट्यानं मारलंय. मी ठाण्यात जातोच आहे, पण मला पुन्हा मोटारी भरायला सांगतील. ईश्वरचं बोलणं तू ऐकलंस, मी नाही. तुला यावं लागेल. आठवत नाही, असं कळवू नकोस. कळवलंस तर मला बहीण नाही असं समजेन.

रतिलाल


धुळे, ५ डिसेंबर २०२४

चि. रतिलाल यास आशीर्वाद.

काल ठाण्यात मी जबाब देत असताना तू बाकावर होतास. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, मीही नाही. म्हणून लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा ईश्वर माझ्या घरी जेवत होता. मी ताट ओढून घेतलं आणि विचारलं. त्यानं लपवलं नाही. सोनं मागायला गेला, काकू ओरडली, यानं तोंड दाबलं. हलेना तशी उचलून खाली ठेवली म्हणे, जीव अधांतरी जायला नको. हे सांगताना माझ्याकडे असा बघत होता, जशी मी त्याच्या पाठीवरून हात फिरवणार आहे. मी त्याच्या मुस्काटात मारली. मग तो पाया पडला, म्हणाला, अक्का, ऐकलंच नाही म्हण.

दोन दिवस मी तुलाच शिव्या दिल्या. का विचारलंस? तिसऱ्या दिवशी नानीबाई डोळ्यांपुढून हलेना. साऱ्या गावाला बुंदी वाढली मी, तिला पाणी नाही विचारलं. मग त्याला घेऊन निघाले.

करमसिंगला सोडतो म्हणाले. मी नानीबाईपाशी गेले तर तिनं तोंड फिरवलं. बरोबर केलं.

आता गावात नवीन सुरू होईल. संगत वाईट होती, कुणीतरी करणी केली, पोरगा तसा नव्हताच. कुणाला बोलू देऊ नकोस. खुनी कसा होता असं कुणी विचारलं, तर वर्णन करत बसू नकोस. सांग, आमचा ईश्वर.

माझ्याबद्दल काही उरलं असेल तर ते टिकव.

तुझी
अक्का