बाबांचा खोकला

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. निदान आईला तरी असंच सांग. तिचा गुडघा कसा आहे?

इथल्या भूतबंगल्याचं काम संपत आलंय. थर्माकोलच्या भिंतींवर मी रंगाने अशी ओल आणली आहे की सुतारकाका टेकायला कचरतात. धुराचं मशीन लावलं की सगळं घर ढगात तरंगतं.

काल वरच्या खोलीसाठी म्हाताऱ्याचा खोकला हवा होता. मीच खोकलो. धुरामुळे हल्ली मुद्दाम खोकावं लागत नाही, पण काळजी करू नकोस. आवाज जरा जड करून स्पीकरवर लावला, आणि धुरातून आले ते थेट बाबाच. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी देऊ का, बाबा?"

ते गेले तेव्हा मला पोचता आलं नव्हतं. काल मात्र त्यांच्याजवळ खूप वेळ बसलो. भीती मुळीच वाटली नाही.

मालक म्हणाले, "झकास! हाच ठेव."

मी म्हटलं, "हा नको, दुसरा करून देतो." बाबांना ऐकून लोकांनी किंचाळत पळावं, हे मला नाही सोसणार.

तो आवाज जपून ठेवलाय. आईला ऐकवावा का, तूच सांग.

तुझंच,
शेंडेफळ