वहिनी म्हणजे भावाची बायको

१४ जाने. ७९, दोहा

वही दिवाळीत घेतली, आज संक्रांत. मधे रोज ठरवायचो, आज लिहू. रोज काहीतरी निघायचं. कधी गाडीचं पंक्चर, कधी पत्ते, कधी नुसतीच झोप. नववीत शाळा सोडली तेव्हा गुरुजी म्हणाले होते, दत्ता, तुझं कशात बूड टिकत नाही. गुहागर, मग मुंबईची गोदी, मग दुबई, आता हे. बूड तेवढं ड्रायव्हरच्या सीटवर टिकलंय.

आज लिहितोय कारण तिळगूळ मिळाला. सुलभावहिनींनी दिला. (पुढे सु.व. लिहीन, हात दुखतो.) मी ज्या कंपनीची गाडी चालवतो तिच्या ऑफिसातल्या टायपिस्ट, नाशिकच्या. इथं नजमा वस्तीत एका पुण्याच्या कुटुंबाकडे खोली घेऊन राहतात. नवरा तिकडेच. फिटर, कारखाना बंद पडल्यापासून घरी. आखातातल्या नोकरीसाठी एजंट धरलाय, तो दर वेळी 'पुढच्या महिन्यात' म्हणतो. तोवर घर वहिनींच्या पगारावर.

पण ऑफिसात त्या मिस. कंपनीला टायपिस्ट बाई मिसच हवी, असं मुंबईतच बजावलं होतं त्यांना. तेव्हा मंगळसूत्र पर्समध्ये. संध्याकाळी गाडीत बसल्या की घालतात, सकाळी फाटकाच्या जरा आधी काढतात. मी तेव्हा आरसा वर करतो.

१६ जाने.

नोरा मॅडमला (नो.मॅ.) अल खोरच्या साइटवर नेलं. साहेबाची सेक्रेटरी, आयर्लंडची, केस पिकलेले, जीभ चालूच. माझं इंग्रजी गोदीतलं, तिचं तिकडचं. साहेब लंडनचा, तो म्हणतो दोन्ही इंग्रजी नव्हे.

वाटेत सांगत होती. तरुणपणी डब्लिनला सरकारी कचेरीत होती. लग्न ठरलं आणि नोकरी गेली. मी विचारलं, नवरा नको म्हणाला? म्हणाली, नवरा कुठला, सरकार. नियमच होता. बाईनं लग्न केलं की खुर्ची सोडायची. जाताना सरकार वर एकरकमी पैसे देई.

मी म्हटलं, आमच्यात हुंडा बाप देतो, तुमच्यात सरकार देतं. खूप हसली. मग म्हणाली, "आणि त्याच कचेरीत पुरुषानं लग्न केलं की त्याचा पगार वाढायचा."

तिची आत्या तर आणखी आधीची. देश नुकताच स्वतंत्र झालेला, कचेऱ्या नव्या, तेव्हा चिकटलेली. खुर्ची सोडवेना म्हणून लग्नच केलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाप्याएवढंच काम, पगार मात्र कमी. एक गृहस्थ दर रविवारी तिच्याकडे चहाला यायचे. टोपी खुंटीला लावायची, चहा प्यायचा, टोपी घालून जायचं. म्हातारे होईपर्यंत.

मी त्या टोपीतच अडकलो आणि साइटचा फाटा मागे गेला. गाडी वळवताना नो.मॅ.नं विचारलं, तू सुलभाला काय हाक मारतोस, वाहिनी? म्हटलं, व-हि-नी. म्हणजे? म्हटलं, ब्रदर्स वाइफ. तेवढं इंग्रजी चोख येतं. पुढे सांगणार होतो की आमच्यात मानानं कुणालाही म्हणतात, भाऊ असावाच लागतो असं नाही. तेवढ्यात उंट आडवा आला. मग उंटांवरच बोलत बसलो.

२० जाने.

घोटाळा झाला.

साहेब सु.व. ना कामासाठी अल खोरला पाठवणार होता. मग त्यालाच वाटलं, बिनलग्नाची मुलगी, एकटा ड्रायव्हर, एवढा लांबचा रस्ता, बरं दिसत नाही. नो.मॅ. मदतीला धावली. म्हणाली, कसली काळजी, ती त्याच्या भावाची बायको आहे. तिला बिचारीला कंपनीच्या मिसच्या अटीचं काही माहीत नव्हतं. भलं करायला गेली.

साहेबानं मला वर बोलावलं. "ती तुझ्या भावाची बायको?"

हो म्हणावं तर मिसेस. नाही म्हणावं तर परक्या पोराबरोबर रोज गाडीतून फिरणारी. खरं म्हणजे मला भाऊच नाही, सगळ्या बहिणी. म्हटलं, साहेब, आमच्यात मानानं म्हणतात.

"कुणाला? लग्न झालेलीला की न झालेलीला?"

मराठीचं अक्षर कळत नाही, पण बोट बरोबर तिथंच ठेवलं. गप्प बसलो तेच उत्तर झालं.

२१ जाने.

काल परतताना सु.व. ना सगळं सांगितलं. सकाळी रागावतील वाटलं होतं. नाही.

"भावजी, माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही आता."

"आणि नोकरी?"

"जाईल तर जाईल, असं म्हणायची सोय नाहीये हो. पण ह्यांना पत्र लिहिते ना, खाली नाव घालताना हात थांबतो. दिवसभर प्रत्येक कागदाखाली टायपिस्ट म्हणून माहेरचं आडनाव टाइप करून करून."

फाटक जवळ आलं. सवयीनं आरसा वर केला. पर्स उघडल्याचा आवाज आला नाही. आरसा परत खाली आणला. तशाच उतरल्या, गळ्यात काळे मणी, आणि जिना चढून गेल्या.

२३ जाने.

थॉमसकडून कळलं. तो केरळचा, सु.व. च्याच खोलीत टायपिंग करतो. साहेब सु.व. ना म्हणाला, आम्ही मिस घेतली होती, मिसेस नाही. महिनाअखेर घरी.

नो.मॅ. तिथंच उभी होती. "थॉमसचं लग्न झालं तेव्हा काय केलंत?"

"भत्ता वाढवला. त्याला कुटुंब पोसायचंय."

"आणि ही काय पोपट पोसते?"

थॉमस म्हणतो, त्यानं टायपिंग थांबवलं आणि परत सुरू करायला बोटं धजेनात. मग नो.मॅ. हळू आवाजात म्हणाली, "ही गेली तर मीही जाते. ह्याच कारणानं एकदा खुर्ची सोडली आहे. तेव्हा विचारलं नव्हतं कुणी."

साहेब म्हणे लंडनच्या मोठ्या ऑफिसला टेलेक्स करून विचारतो. उत्तर शनिवारी.

संध्याकाळी नो.मॅ. गाडीत बसली, म्हणाली, त्या दिवशी उंटाच्या आधी तू काही सांगत होतास. सांगितलं. म्हणाली, अरे देवा.

२६ जाने., शुक्रवार

सुट्टी. मासळी आणायला म्हणून अल रुवैसच्या बंदरावर गेलो. होड्या बघत बसलो, मासळी राहिलीच.

धाकटी ताई आठवली. गावच्या बालवाडीत शिकवायची. पोरं तिच्या पदराला धरून घरापर्यंत यायची. लग्न ठरलं, आम्ही पेढे वाटले, ती बालवाडी सोडून सासरी गेली. आमच्याकडे सरकारी नियम नव्हता काही. तरी तिला रहायचंय का, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. मीही नाही. मी तर पेढे खात होतो. आता पत्रात विचारू का? काय विचारू पण. तिला दोन पोरं आहेत, ती म्हणेल दत्ताला ऊन लागलं.

२७ जाने., शनिवार

वर डोकावून आलो, आता गाडीत बसून लिहितोय. वर सगळे टेलेक्सची वाट बघतायत. मशीन खडखडलं की टाइपरायटर थांबतात. मघाशी आलं ते सिमेंटचं निघालं. सु.व. मान खाली घालून पत्रं टाइप करतायत, खाली स्वतःच्या नावाआधी मिसेस. साहेबानं अजून एकावरही सही केलेली नाही. एकही परतही पाठवलेलं नाही.

परत खडखडतंय. ह्या वेळी लांबलचक.

फाटकावरचा पठाण पळत आलाय, काच ठोकतोय. "यल्ला, जल्दी चल. तेरा भाई आया है."

म्हटलं, मला भाऊ नाही.

"नासिक से आया है. ट्रंक लेके खड़ा है. बोलता है, सुलभा का घरवाला. तो तेरा भाई हुआ ना?"

एजंटाचा महिना आला म्हणायचा. वर मशीन थांबलं. खिडकीत कुणी दिसत नाही. फाटकाशी एक उंच माणूस ऊन चुकवायला हात कपाळावर धरून ऑफिसच्या खिडक्या बघतोय, एकेक.

मला भाऊ नाही. म्हणजे आत्तापर्यंत नव्हता. ट्रंक उचलायला जातो