पुसलेली दोन मिनिटं

३ फेब्रुवारी
नव्या गावात, नव्या नोकरीवर रुजू झालो. खोली हवेशीर आहे, घरमालकीणबाई बोलक्या आहेत. काम सोपं: घरोघरचे जुने सेट-टॉप बॉक्स काढून एचडीचे बसवायचे, गच्चीवरची डिश नीट वळवायची. आज सहा घरं झाली. बातम्या देणाऱ्या बाईंच्या नाकावरचा तीळ बघून एका आजोबांनी आधी स्वतःचा चष्मा पुसला. लोक खूश, साहेब खूश, मीही खूश.

५ फेब्रुवारी
घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. एकटेच असतात. त्यांची मुलगी नऊ वर्षांची असताना टीव्हीवर कविता म्हणाली होती, त्याचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग जुन्या बॉक्समध्ये होतं. पुढच्याच वर्षी ती तापानं गेली. फोटो पुरात वाहून गेले; उरलं एवढंच. तेवढं आधी नव्यात घालून द्या, म्हणाले. मी हो म्हटलं. पण चार घरं खोळंबली होती. ते चहा टाकायला आत गेले. 'नक्की पुसायचं?' असं पडद्यावर आलं आणि मी न वाचताच हो दाबलं.
काकांना सांगितलं, बॉक्स आधीच खराब झाला होता. ते म्हणाले, "तुमचा काय दोष?" आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

८ फेब्रुवारी
दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे बॉक्स लावला. बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागे पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी उभी. फ्रॉकचा टाका न् टाका दिसत होता. चेहरा मात्र ओल्या फडक्यानं पुसावा तसा कोरा. डॉक्टरीणबाईंना विचारलं, ही मुलगी कोण? त्यांना कुणीच दिसत नव्हतं. चित्र झकास आहे, म्हणाल्या.

९ फेब्रुवारी
पाच घरं. पाचही ठिकाणी ती. दर घरी एक पाऊल पुढे. चेहरा असणार कुठून? मी ते रेकॉर्डिंग एकदाही बघितलं नव्हतं.

१० फेब्रुवारी
खरं सांगून मोकळं व्हावं म्हणून काकांकडे गेलो. त्यांच्या टीव्हीतही तीच. तोंडून भलतंच निघालं, "काका, ती मला दिसतेय."
त्यांना दिसत नव्हती. पण पिवळा फ्रॉक म्हणताच त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. माझा हात धरून म्हणाले, "चेहरा सांगा हो. मला आठवेनासा झालाय."
कोरा आहे, असं कोणत्या तोंडानं सांगू? म्हणालो, गालावर खळी आहे.
त्या कोऱ्या गालावर खळी पडली.

११ फेब्रुवारी
आज डोळे विचारले. टपोरे, म्हणालो. ते उघडले. काकांकडे नाही — माझ्याकडे —
काका रडत होते. देवमाणूस आहात, म्हणाले.

१२ फेब्रुवारी
कामावर गेलो नाही. काकांचा निरोप — आज ओठ सांगा.
ओठ दिले की ती बोलेल. कविता नव्हे. मी काय केलं ते —

दुपार
काका इथेच आलेत. बाहेर घरमालकीणबाईंच्या टीव्हीपुढे बसलेत. मी दाराआडून सांगितलं, ओठ मिटलेले आहेत. घट्ट मिटलेले.
ते म्हणतायत, नाही हो, माझी पोर घटकाभर गप्प बसायची नाही, आता आठवलं मला, तिचे ओठ असे —