रोज सातचा मेसेज

दादा,

किल्ली शेजारच्या काकूंकडे मिळाली, म्हणजे घरात कुणी नाही हे कळलंच असेल. आई हॉस्पिटलमध्ये आहे, दुसरा मजला, खिडकीजवळचा पलंग. आज बारा दिवस झाले. उजवी बाजू गेली आहे, बोलताही येत नाही.

परदेशात त्या डोंगरात रेंज नसते, म्हणून तू सॅटेलाइट फोन नेलास आणि रोज सातला खुशाली कळवीन म्हणालास. आई पडली त्या दिवशी मी तुला चार मेसेज टाकले. सातला उत्तर आलं, "मी मजेत आहे, काळजी करू नका." दुसऱ्या दिवशीही तेच. मी तुझ्या नावाने बोटं मोडली.

काल तुझ्या ऑफिसात फोन केला. तू महिनाभर तिथल्याच एका शहरात, हॉटेलात होतास म्हणे. फोन डोंगरातल्या तुमच्या कॅम्पवरच्या स्वयंपाक्याकडे ठेवून गेलेलास आणि ठरलेल्या मेसेजचं बटण तोच दाबायचा. त्याला आपली भाषा येत नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. सात वाजले की ती अजून डाव्या हाताने फोन मागते.

त्या स्वयंपाक्याला माझे आभार कळव. त्याने एकही दिवस चुकवला नाही.