जमादाराची नळी

लातूर, चैत्र

श्रीमंत भावजींना वैनीचा नमस्कार. (वयानं मी लहान, पण मानानं थोरली. आधी पाया पडा, मग पुढं वाचा.) गुडघे कसे हायेत? जाऊबाई तेल लावून देत्यात, का नुसती बाटलीच दाखवत्यात?

भावजी, तुमचे उपकार कसे फेडू? आपलं जमादार कुत्रं काल दूधवाल्यावर भुंकलं! मला वाटलं व्हतं, आता काई ते वाचत न्हाई. सारखा पाय वर करायचं, पण थेंब पडंना. म्या म्हणलं, चैताचं ऊन, उन्हाळी लागली असंल. मग काय, धने-जिऱ्याचं पाणी, सब्जाचं पाणी, तांब्यावर तांब्या पाजून राहिले. खालचं दार बंद आन् मी वरून वतून राहिले! पोट पखालीवानी तट्ट फुगलं. माझ्या खोल्यांत कोचिंगच्या पोरी ऱ्हात्यात, समद्या डॉक्टर व्हायला आलेल्या. त्यातल्या मुग्धानं जाडजूड पुस्तक उघडलं, त्यात शेपूटवाला कुणीच न्हवता, तिनं गपचिप मिटलं. मंग तुम्हाला फोन लावला.

आन् तुम्ही जीप आन् डायवर घेऊन आलात! ज्यानं लेकीच्या लग्नात तुमचं धोतर फाडलं, त्यालाच मांडीवर घेऊन उदगीरपर्यंत बसलात. (डोळे मिटून. पाहिलं मी.) तिथल्या जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी गाठ हाय, ती कापता येत न्हाई, पोटातून नळी बसवू. टोपण काढलं की मोकळं. पहिल्यांदा काढलं तर धार थेट तुमच्या सदऱ्यावर! आन् तुम्ही वरडलात, "लागलं, वैनी, पाणी लागलं!" शेतातल्या बोअरला लागलं तवा बी एवढं नाचला न्हवता.

भूकंपात तुमचे भाऊ गेले, घर गेलं. पत्र्याच्या शेडात हे एवढुसं पिलू माझ्या पदरात शिरलं. त्याला भूक लागायची, म्हणून मी सकाळी उठायची. ते तुम्ही राखलंत. लई दुवा देते.

तुमची वैनी,
केवळाबाई

ता.क. सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन हाय, मंग वाकायचं न्हाई म्हणत्यात. नळी दिवसातून चारदा मोकळी करावी लागती. पोरी लाजत्यात. म्हणून जमादाराला तुमच्याकडं धाडते. जाऊबाईला आत्ताच सांगू नका, त्यो दारात उतरला की कळंलच.

आणखी एक. गाठ तशीच हाय, भावजी. डॉक्टर म्हणले, तरास न्हाई व्हायचा, पण महिने थोडे. डोळ्याचं एवढी सालं टाळलं म्या. आता जे दिवस हायेत, ते धूसर न्हाई बघायचे मला. पट्टी सुटली की त्याला लगेच घेऊन या.